सत्तरीच्या डोंगरात ढकलाढकली

शुक्रवार

बेळगावहून गोव्याला जायला चोर्ला घाट जवळचा, पण जवळचा म्हणजे सोपा नव्हे. जांबोटी सोडलं की खड्डा चुकवायचा की दोन खड्ड्यांतला बरा निवडायचा, एवढाच प्रश्न उरतो. चारचाकीवाले कपाळाला हात लावून चालले होते, आम्ही मात्र खुशीत होतो. ऑफ-रोडसाठी घराबाहेर पडलेल्या माणसाने रस्त्याबद्दल तक्रार करायची नसते, असं मास्तरांचं म्हणणं. मास्तर खानापूरच्या बाजूला शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. फूटरेस्टवर उभं राहून गाडी चालवण्यात आमच्यातल्या कुणालाही ते ऐकत नाहीत.

मास्तर, मी आणि कोल्हापूरचे दोघे भाऊ, थोरला आणि धाकटा, असे सगळे एक्सपल्सवाले, म्हणजे ऑफ-रोडच्या हलक्या मोटारसायकलीवाले. डॉक्टरांकडे जुनी ४११ सीसीची हिमालयन. ती का आणली यावर बेळगावातच एक वाद झाला होता. एक्सपल्सचं वजन १६० किलोंच्या आत, हिमालयन २०० किलोंच्या घरात. रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. चढावर आडवी पडलेली गाडी उचलायची वेळ आली की तो चाळीस किलोंचा फरक कमरेत जाणवतो, आणि गाडी ज्याची असेल त्याच्या एकट्याच्या कमरेत नव्हे. "ढकलायला तुम्हीच आहात की," असं म्हणून डॉक्टरांनी तो वाद मिटवला. शनिवारचा अख्खा दिवस त्या एका वाक्यात होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

कणकुंबीला चहा घेतला. इथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे निघते. याच खानापूर तालुक्यात देगावजवळ उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात उतरते आणि पुढे मांडवी म्हणून समुद्राला मिळते. त्या पाण्याच्या वाटपावर लवादाचा निवाडा २०१८ मध्ये आला, भांडण काही मिटलेलं नाही. टपरीवर हा विषय काढायचा नाही एवढं शहाणपण आमच्याकडे होतं. डॉक्टरांनी काढला. चहा गार झाला, निघायला अर्धा तास उशीर.

चोर्ल्याच्या आसपास कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशी तिन्ही राज्यं एकमेकांना खेटून आहेत. मोबाइलला नेमकं कुठे आहोत ते कळत नाही, तो दर दहा मिनिटांनी नव्या राज्यात स्वागत करतो. घाट उतरायला लागलं की डाव्या-उजव्या वळणांमधून खाली अंजुणे धरणाचं पाणी मधूनच दिसतं. वर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती, केरीला पोचेपर्यंत तेच जॅकेट मागच्या सीटला बांधलेलं. फेब्रुवारीचा शेवट होता. कोकणात आणि गोव्यात या दिवसांत थंडी फक्त पहाटे हजेरी लावून जाते.

सावंतवाडीच्या मॅडम बांदा, दोडामार्ग, साखळी करत आमच्या आधीच पोचल्या होत्या. बँकेत आहेत म्हणून मॅडम. भाईच्या घराच्या खळ्यात त्यांची गाडी उभी होती, रॅली सस्पेन्शन घातलेली, इतकी उंच की धाकट्याने बसून पाहिलं तर त्याचे दोन्ही पाय अधांतरी. मॅडम त्याच्याहून बुटक्या आहेत. "पाय टेकायचेच नसतील तर उंचीचं काय?" एवढं म्हणून त्या आत भाकऱ्या थापायला मदत करायला गेल्या.

भाई आमचा यजमान. काजूची बागायत, थोडं कुळागर, वाळपईत छोटं दुकान. घरी कोकणी, देवळात आणि नाटकात मराठी, असं सत्तरीत, म्हणजे गोव्याच्या या तालुक्यात, सर्रास चालतं. शिगम्याला त्याच्या गावात रणमाले हे लोकनाट्य होतं, त्यातल्या मराठी ओळी त्याला तोंडपाठ आहेत. रात्री जेवायला ओल्या काजूची उसळ, भात, बांगड्याचं हुमण आणि सोलकढी होती. भाईच्या आईने वाढताना प्रत्येकाला विचारलं, घरी कोण कोण असतं. उत्तरं ऐकून झाल्यावर तिने एवढंच म्हटलं की मग कशाला हे धंदे.

शनिवार

पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, भोंग्याने जाग आली. गरम पाव, पातळभाजी, वर मिरचीची भजी. "पोटभर खायात, वयर कांयच मेळचें ना," म्हणत आईने प्रत्येकाच्या ताटात तिसरा पाव टाकला.

निघण्याआधी भाईने ओसरीवर बसवून नियम सांगितले. पहिला हद्दीचा. सत्तरीचा मोठा भाग म्हादई अभयारण्यात येतो. १९९९ मध्ये ते जाहीर झालं, क्षेत्र २०८ चौरस किलोमीटर. त्यात गाडी घालायची नाही, विषय संपला. आमचा सगळा दिवस भाईच्या, त्याच्या चुलत्यांच्या आणि ओळखीच्या एका-दोघांच्या खासगी काजूच्या डोंगरांवर होता, प्रत्येकाला आधी विचारून. डोंगर नेमका कुठला ते मी इथे लिहीत नाही. वाटेचा नकाशा हातोहात फिरला की पुढच्या महिन्यात तिथे पन्नास गाड्या येतात आणि परवानगी देणारा माणूस बेडे, म्हणजे बागेचं वाशांचं फाटक, कायमचं बंद करतो. हे दुसरीकडे झालेलं आम्ही पाहिलं आहे. ओढ्यात उभं राहून चाक फिरवत चिखल उडवणारे आणि त्याचा व्हिडिओ टाकणारे जे आहेत, त्यांच्याबद्दल माझं मत इथे छापण्यासारखं नाही.

दुसरा नियम आगीचा. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या आणि कित्येक दिवस धुमसत राहिल्या. भाई तेव्हा फांद्या घेऊन आग झोडपायला गेला होता. काजूच्या झाडाखाली या दिवसांत घोट्याएवढा सुका पाला असतो आणि चढ चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर किती तापलेला असतो हे सांगायला नको. म्हणून गाडी थांबवायची ती उघड्या कातळावर. पाल्यात कुणी पडला तर आधी गाडी उचलायची, मग माणूस. डॉक्टरांनी यावर वैद्यकीय हरकत घेतली, ती फेटाळण्यात आली.

तिसरा नियम मला सगळ्यात आवडला. पडलेल्या बोंडूवरून, म्हणजे काजूच्या फळावरून, चाक न्यायचं नाही. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलाच गोळा करतात. त्यासाठी हंगामाआधी झाडांखालची झुडपं साफ करतात, डोंगरभर पायवाटा मोकळ्या करतात. आम्हाला गाडी चालवायला वाट मिळते ती या साफसफाईमुळे. म्हणजे ज्यांच्या मेहनतीवर आपण चालतो, त्यांचंच पीक तुडवायचं नाही, इतका साधा हिशेब.

मग डॉक्टरांची पाळी. त्यांनी सगळ्यांना पॅन्टचे पाय मोज्यात खोचायला लावले आणि गोचीड न लागण्याचं तेल घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चोपडायला दिलं. धाकटा हसला. डॉक्टर हसले नाहीत. माकडताप, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला, २०१५ च्या सुमारास सत्तरीत आला आणि त्यात माणसं दगावली. खाली दोडामार्ग-बांद्याच्या बाजूलाही तो पोचला. गोचीड चावून होतो, डिसेंबर ते मे जोरात असतो, आणि सापडतात ती काजू गोळा करायला रानात जाणारी माणसं. मॅडमनी बांद्याच्या ओळखीतलं एक घर सांगितलं. धाकट्याने तेल दुसऱ्यांदा लावलं.

चाकातली हवा कमी केली. रस्त्यावर तिशीच्या आसपास असते ती अठरा-वीसवर आणली. आणखी कमी केली तर पकड अजून वाढते, पण आमच्या चाकांत ट्यूब आहेत आणि इथला दगड जांभा. जांभ्याच्या कोपऱ्यावर मऊ टायर आपटला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते, शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

शिवेवर राखणदाराचं ठिकाण आहे. मूर्ती नाही, एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी दगड, पणती, विड्या. भाईने नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "हीं भुरगीं तुज्या शिमेंत आयल्यांत म्हाराजा. तांकां सांबाळ. तांच्यो गाडयोय सांबाळ." आम्ही सगळे हेल्मेट काखेत धरून एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मास्तरांचा आवाज सगळ्यात मोठा. बेळगावात ते नास्तिक आहेत.

सुरुवात एका सोडलेल्या चिरेखाणीतून. सपाट कातळ, मध्ये मध्ये चिरे काढून झालेले चौकोनी खड्डे, कडेला भुगा. इथे हात-पाय सैल करून घेतले. मॅडम गोल गोल फिरत होत्या, हँडल एका बाजूला पूर्ण वळलेलं, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर, मान वळून पुढे जायचं तिकडे. डॉक्टर त्यांच्या मागे तेच करायला गेले आणि पहिलं लोळण तिथेच घेतलं. हिमालयनचा क्रॅश गार्ड कातळावर घासला तो आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असावा, कारण लगेच कुत्री भुंकायला लागली.

खाणीच्या पलीकडे बेडे आणि बेड्याच्या पलीकडे खरा चढ.

या चढाबद्दल जरा सविस्तर लिहितो. लांबून तो काही वाटत नाही, काजूच्या झाडांमधून वर गेलेली तांबडी रेघ. जवळ गेल्यावर दिसतं की रेघेवर जांभ्याचे गोल खडे पसरलेत, वाटाण्याएवढ्यापासून लिंबाएवढे, आणि त्याखाली घट्ट तापलेली माती. ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तोच. चाक त्यावर धरत नाही, फिरत राहतं. मधोमध पावसाच्या पाण्याने कोरलेली चर, ढोपरभर खोल. चरीच्या डावीकडून सुरुवात करायची, अर्ध्यावर एका मुळावरून चर ओलांडायची आणि उजवीकडून संपवायचं, अशी एकच वाट चालण्यासारखी. भाई आधी चालत वर गेला, मुळाजवळ उभा राहिला. मास्तर पहिले.

त्यांनी खालच्या सपाटीवरच वेग घेतला, दुसरा गिअर टाकला आणि नंतर काहीच केलं नाही असं वाटलं. अंग पुढे टाकीवर झुकलेलं, गुडघे सैल, एक बोट क्लचवर. मागचं चाक घसरलं की ते थ्रॉटल वाढवत नव्हते, किंचित कमी करत होते. चाक पुन्हा मातीला लागायचं. मुळावरून पुढचं चाक अलगद उचललं गेलं आणि ते वर. पूर्ण वेळ नजर पुढे, दहा-पंधरा फुटांवर. चाकासमोरच्या दगडाकडे बघितलं की चाक त्याच दगडावर जातं.

मॅडम गेल्या. थोरला गेला, मुळावर हेलकावला पण गेला. मी गेलो. धाकट्याने वेग जास्त घेतला, मुळावर गाडी उडाली, खाली आली ती चरीत, पण तो त्या चरीतूनच रेटत वर आला आणि आपण हेच ठरवलं होतं असा चेहरा केला.

डॉक्टर मुळाच्या दोन हात खाली थांबले. चढावर थांबणं याचा अर्थ पुढचा ब्रेक दाबून धरणं, आणि घसाऱ्यावर नुसता पुढचा ब्रेक गाडी धरत नाही, ती चाक लॉक झालेलं असतानाच मागे सरकायला लागते. "क्लच सोडा! क्लच सोडा डॉक्टर!" वरून मास्तर ओरडले. इंजिन बंद पडलेलं असलं तरी गिअरमध्ये असेल तर मागचं चाक अडतं. डॉक्टरांनी क्लच सोडला, गाडी थांबली. आता वर जाणं शक्य नव्हतं, तिथून वेग मिळत नाही. त्यांनी गाडी चढाच्या बाजूला हळू आडवी केली, आम्ही चौघे उतरलो, पुढचं चाक धरून गाडी फिरवली, तोंड खाली केलं, आणि डॉक्टर इंजिनच्या ब्रेकवर पुन्हा पायथ्याला.

दुसऱ्यांदाही तिथेच. तिसऱ्यांदा मुळापर्यंत पोचले आणि क्लचचा वास आला. तेलात बुडालेला क्लच असला तरी अर्धवट दाबून चढ चढत राहिलं की प्लेटा तापतात, लिव्हरची ढील बदलते, गाडी रेस खाते पण पुढे जात नाही. मास्तरांनी दहा मिनिटं इंजिन बंद करायला लावलं. काजूच्या सावलीत बसलो. डॉक्टर म्हणाले की ते खालच्या वाटेने वळसा घालून येतील. त्यावर कुणीच बोललं नाही. भाईने फक्त पाठीवरची पिशवी उघडून रुंद पट्टा काढला.

पट्टा पुढच्या फोर्कला, हँडलच्या खाली. ओढायला थोरला आणि मी. ढकलायला धाकटा आणि भाई, कॅरिअरच्या दोन बाजूंना, चाकाच्या रेषेत कुणीच नाही, कारण ते फिरलं की खडे बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखे मागे येतात. डॉक्टर गाडीच्या बाजूला चालत, पहिल्या गिअरमध्ये थोडं थ्रॉटल देत. मास्तर नुसते मोजत होते. "एक, दोन, हां!" की सगळ्यांनी एकदम, की हातभर पुढे. पुन्हा श्वास. "एक, दोन, हां!" एवढंच. मुळावर पुढचं चाक चढवायला मॅडमनी दोन्ही हातांनी रिम धरून उचललं. वर पोचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. धाकटा पाठीवर पडून होता आणि त्याच्या मोज्यावर गोचीड आहे का ते डॉक्टर बघत होते.

नंतर दिवसभर असंच चाललं. थोरल्याची गाडी चरीत अडकली, माझी एका मेरेवरून, म्हणजे बांधावरून, उतरताना पोटावर टेकली आणि दोन्ही चाकं अधांतरी, धाकटा तर झाडात गेला. आठ तासांतले प्रत्यक्ष गाडीवर बसून चालवलेले किती, हे धाकट्याच्या फोनमधलं अॅप सांगत होतं, दोनच्या थोडं वर. उरलेला वेळ दुसऱ्याच्या गाडीच्या कॅरिअरवर हात. ट्रेलचा दिवस असाच असतो, आणि जे लोक याला थरार वगैरे म्हणतात त्यांना कोणीतरी एकदा पट्टा ओढायला बोलवायला पाहिजे.

डोंगराच्या माथ्याखाली भाईच्या चुलत्यांची भट्टी. गाड्या लांब कातळावर ठेवून चालत गेलो. कातळातच कोरलेली कोळंबी, म्हणजे बोंडू तुडवायची कुंडी, त्यात एक माणूस उघड्या पायांनी बोंडू तुडवत होता, एका बाजूच्या भोकातून रस खाली मडक्यात. बिया आधीच वेगळ्या केलेल्या, त्यांचे पैसे वेगळे. बाजूला भाण, म्हणजे दारू गाळायचं भांडं, चुलीवर चढलेलं. आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, ती पुन्हा रसात घालून काढली की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २००९ मध्ये. चुलत्यांना ते ठाऊक होतं, पण त्याने भाव काय वाढला असं विचारल्यावर त्यांनी तुडवणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, याची मजुरी वाढली तेवढी.

हंगामाची पहिली उर्राक समोर होती आणि आम्ही ताक प्यालो. गाड्या खाली उतरवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही हा मास्तरांचा नियम, आणि त्यावर वाद चालत नाही. ताजा नीरो, म्हणजे न आंबलेला बोंडूचा रस, मात्र प्यालो. गोड, घशाला किंचित ओढणारा. डॉक्टरांनी सगळ्यांच्या पाण्यात ओआरएस कालवलं. धाकट्याला डोकं दुखत होतं, त्याला अर्धा तास सावलीत आडवं केलं.

चुलत्यांनी दूरच्या डोंगररांगेकडे हात करून गोळावलीची दिशा दाखवली. २०२० च्या जानेवारीत तिथल्या रानात चार वाघ मेलेले सापडले होते, विषाने. त्यावर तिथल्या माणसांची बाजू काय आणि वाघांची काय, हे चुलते दोन्हीकडून सांगत होते. व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असं २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हापासून प्रत्येक ग्रामसभेत हाच विषय. आपली बागायत राहणार की जाणार, एवढं त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगावं असं त्यांचं मागणं. आम्ही ऐकलं. बेळगावातून येऊन एक दिवस डोंगर खणणाऱ्याने यावर मत द्यावं असं मला वाटलं नाही.

उतार दुसऱ्या अंगाने होता. उतरणं चढण्यापेक्षा सोपं असं ज्यांना वाटतं त्यांनी मॅडमना उतरताना बघावं आणि मग स्वतः उतरून बघावं. पहिला गिअर, क्लचला हात नाही, अंग मागे, पुढच्या ब्रेकवर दोन बोटं, दाबायची नाहीत, नुसती पिळायची. मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होऊन गाडी आडवी येते. याच्या उलट भानगड डॉक्टरांची झाली. त्यांनी सकाळी मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, बंद केला होता, पण त्यांच्या जुन्या हिमालयनवर किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की तो आपोआप चालू होतो. घसाऱ्यावर त्यांनी मागचा ब्रेक दाबला, एबीएसने तो सोडला, दाबला, सोडला, आणि २०० किलोंची गाडी न थांबता निवांत उतरत राहिली. डॉक्टर ओरडले नाहीत. एका काजूच्या बुंध्याला हँड गार्ड टेकवून थांबले आणि म्हणाले, "एबीएस."

त्यांच्या क्लचचा लिव्हर मोडला होता. सुटा लिव्हर थोरल्याकडे होता, पण एक्सपल्सचा. तो बसला नाही. शेवटी भाईने मोडक्या तुकड्यालाच टायर लिव्हर झिप टायने आवळून बांधला, वर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. हा जुगाड बेळगावपर्यंत चालला.

खाली व्हाळ, म्हणजे ओढा. या दिवसांत पाणी गुडघ्याखाली, पण तळाचे गोटे शेवाळलेले. भाई आधी चालत गेला, कुठून जायचं तिथे काठी रोवली. गाड्या एकेक करून, बाजूला एक माणूस धरायला. धाकटा तरीही पडला, पण पाण्यात पडून त्याची डोकेदुखी गेली असं तो म्हणतो. व्हाळापलीकडे वाडी. तिथे इंजिन बंद, उतारावर नुसत्या गाड्या सोडल्या. एका म्हातारीने अंगणातून हात केला, "सवकास वचात रे!" आम्ही आणखी सावकाश गेलो.

संध्याकाळी खळ्यात गाड्या लागल्या, किल्ल्या मास्तरांच्या खिशात गेल्या, आणि मग उर्राक आली. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची, लिमका. भाईच्या आईने प्रत्येकाचे खांदे, कोपर, गुडघे बघितले, डॉक्टरांना बोलावून हळद लावायला सांगितली. डॉक्टरांनी लावली. जेवताना डॉक्टरांच्या गाडीबद्दल कुणी काही बोललं नाही, तेव्हा त्यांनीच विषय काढला आणि उठून प्रत्येकाच्या ताटात स्वतः बांगडा वाढला.

रविवार

कुणाचेच हात वर जात नव्हते. थोरल्याने हेल्मेट धाकट्याकडून घालून घेतलं.

भाईने आम्हाला वाळपईपर्यंत सोडलं, दुकान उघडायचं होतं. वाटेत नाणूसच्या किल्ल्याच्या बाजूने गेलो. सत्तरीच्या राणे घराण्याने पोर्तुगिजांविरुद्ध जी बंडं केली त्यांतलं दिपाजी राण्यांचं १८५२ चं मोठं, पुढे १८९५ मध्ये दादा राण्यांचं. आदल्या दिवशी तो डोंगर पट्ट्याने ओढून चढलेल्या माणसाला पोर्तुगिजांच्या पलटणींना इथे काय त्रास झाला असेल ते पुस्तकाशिवाय कळतं. किल्ल्यात फार थांबलो नाही, ऊन चढत होतं.

मोडलेल्या बेड्याचं भाईने शेवटपर्यंत काही सांगितलं नव्हतं. धाकटा झाडात गेला त्याआधी तो बेड्यात गेला होता, दोन वासे तुटले. त्यांचे पैसे मॅडमनी आदल्या रात्रीच चुलत्यांना विचारून हिशेबात धरले आणि आमच्याकडून गोळा करून भाईच्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवले. तो नको म्हणाला. मॅडम म्हणाल्या, बँक परत घेत नाही. मग त्या साखळीकडे वळल्या, आम्ही घाटाकडे.

कणकुंबीला पुन्हा चहा. या वेळी पाणीवाटपाचा विषय डॉक्टरांनी काढला नाही. पुढच्या खेपेचा काढला. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात जावं, माती ओलसर असते, चाक धरतं, सुका पाला नसतो, असं भाईचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणाले, तोवर ते एक्सपल्स घेतील. मास्तर म्हणाले, घ्या, पण हिमालयन विकू नका, तुम्ही नसलात तर आम्ही दिवसभर काय करायचं. आणखी किती जणांना आणायचं यावर थोरल्याचं आणि मास्तरांचं जुळेना. थोरल्याच्या कोल्हापुरातल्या ओळखीत चांगले चालवणारे पाच-सहा जण आहेत. मास्तरांचा प्रश्न एकच, त्यातले ढकलणारे किती. थोरल्याने विचार करून दोन नावं सांगितली. दोघेच येतील असं ठरलं आणि चहाचे पैसे डॉक्टरांनी दिले.